एका ओळखीच्या गृहस्थांसाठी

४ मार्च

प्रिय दादास,
सप्रेम सलाम, वि. वि.

यांच्या घशात गाठ निघाली आहे. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन. गाठ निघेल, पण आवाज राहील का, ते डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. ज्यांच्या खर्जावर अख्खं गायनमंडळ टेकलेलं असतं, ते सध्या घरात पाटीवर लिहून चहा मागतात. बोलायला सक्त मनाई आहे.

चर्चच्या मंडळीत प्रार्थनेची विनंती केली. चारचौघांत रडगाणं नको, म्हणून ‘एका ओळखीच्या गृहस्थांसाठी’ एवढंच म्हटलं. बायकांनी तर्क लढवला आणि ते गृहस्थ म्हणजे कोपऱ्यावरचा बेकरीवाला, असं ठरवून मोकळ्या झाल्या. त्याच्याकडे धीर देणाऱ्यांची रीघ लागली. माणूस ठणठणीत, आता घाबरून तपासण्या करून घेतोय. हसू नकोस.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी धाकटी

६ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

हसलो. आधी हसलो, मग गुडघे टेकले. क्रम चुकला, पण प्रभू मला ओळखून आहे.

आमच्या अग्निशमन केंद्रात असे फोन नेहमीचेच. पेटलेलं असतं स्वतःचं घर, आणि बाई सांगते, शेजारी कुठेतरी धूर दिसतोय. मग बंब भलत्याच दारात पाणी मारून येतो. तू म्हणशील, देवाला पत्ता सांगावा लागत नाही. कबूल. पण मंडळीला लागतो ना.

बायबलमधला रस्त्याकडेचा तो आंधळा लोकांनी दटावल्यावर येशूला जास्तच मोठ्याने हाका मारू लागला. आपल्या एका परिचितांना दिसत नाही, असं काही तो म्हणाला नाही. शिष्य पेत्र समुद्रात बुडताना येशूपुढे प्रस्तावना करत बसला असता, तर नाकातोंडात पाणी गेलं असतं. आपल्या घराण्याला मात्र बुडतानाही भांग सरळ हवा.

रविवारी उभी राहा आणि हाक मार. देव ऐकतो याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती तुझ्या ताठ मानेबद्दल. बुधवारी रजा टाकून येतोच आहे.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा दादा

९ मार्च

प्रिय दादास,
सप्रेम सलाम, वि. वि.

आज उपासनेत उभी राहिले. नीटनेटकं वाक्य पाठ केलं होतं. ‘देवा, माझ्या नवऱ्याला’ इथपर्यंत आले आणि हुंदका फुटला. तुझी ताठ मानेची बहीण बाकाला धरून लहान मुलासारखी रडली. बेकरीवाल्याचा जीव भांड्यात पडलेला मला तेवढ्यातही दिसला.

पुढचे शब्द काही येईनात. तेवढ्यात गायनमंडळाच्या रांगेतून खरखरीत, फाटका आवाज आला. हे उभे होते. डॉक्टरांची मनाई धाब्यावर बसवून हाक मारत होते. गाठीचं नाव नाही, आवाजाचं नाव नाही. हिला सांभाळ, एवढंच मागितलं आणि बसले.

घरी आल्यावर मी यांना खूप बोलले. ते पाटी बाजूला ठेवून नुसते हसत होते.

दादा, मला आता गुरुवारची भीती नाही. आवाज परत येईल, असं मन सांगतं. नाहीच आला, तर शेवटचा कशासाठी खर्च झाला ते मी ऐकलं आहे.

लवकर ये. माया आहे तशीच राहू दे.
तुझी धाकटी