रुमालाखालची बोलणी

अब्बा, मागच्या खेपेला तुम्हाला लिहिलं त्यात एक चूक राहिली. लोणी देवकरच्या बैठकीत माझा डावा हात टेबलावर होता, असं मी लिहिलं. नव्हता. टेबलावर पांढरी चादर अंथरली होती, ती गुडघ्यांपर्यंत लोंबत होती, आणि माझा हात तिच्या आत होता. हात उघड्यावर असता तर जे झालं त्याला पेटका म्हणता आलं असतं. म्हणून पत्रात मी तो टेबलावर नेऊन ठेवला.

इंदापूरच्या बाजारात तुम्ही शेळ्या-बोकडांची दलाली करायचात. शाळेला सुट्टी असली की मी तुमच्यामागं. भाव तोंडानं ठरत नसे. हातावर रुमाल पडायचा, आत बोटं दाबली जायची आणि वर सोयऱ्याधायऱ्यांची चौकशी चालायची. घरी चुलीपाशी अम्मी भाकरी थापते आहे आणि तुम्ही रुमालाखाली माझी बोटं धरून शिकवता आहात.

"पोरीला दलाल करताय व्हय? सासरी जाऊन बोकडं इकायचीत का तिनं?"

तुम्ही हसता आणि माझ्या तळव्याच्या मधोमध अंगठा रुतवता. ही खूण बाजारातली नव्हती, आपल्या दोघांचीच होती. सौद्यात खोट हाय, थांब. "चारचौघांत बोलू नगंस," तुम्ही म्हणायचात, "माणूस दुखावतं."

तुम्ही गेलात, आणि आता मी बारामतीत एका वकीलसाहेबांकडं करारांचे मसुदे करते. निरवांगीच्या डाळिंब बागायतदारांची कंपनी आणि लोणी देवकरचा खरेदीदार, पाच वर्षांचा करार. बागायतदारांच्या बाजूनं बोलणी साहेबांनी पहिल्यांदाच माझ्यावर सोपवली होती. फळाची प्रतवारी खरेदीदाराच्या गोदामात होईल आणि ती अंतिम राहील, हे कलम त्यानं मागितलं. त्याबदल्यात मी वाहतुकीचा खर्च त्याच्या गळ्यात घातला आणि मनातून खूश झाले. बागायतदारांचे अध्यक्ष तात्या कानाशी म्हणाले, "वकिलीणबाई, लई चिवट हायसा!"

तेवढ्यात चहा आला. चहा आणणाऱ्या मावशींनी माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढंही कप ठेवला.

"हितं कुणी न्हाय, मावशी," मी म्हणाले.

"न्हाय व्हय?" त्या खुर्चीकडं बघत राहिल्या. कप त्यांनी उचलला नाही.

"मग प्रतवारीचं पक्कं ना, मॅडम?" खरेदीदारानं विचारलं, आणि चादरीच्या आत माझ्या तळव्यात अंगठा रुतला. गार नव्हता. तुमच्यासारखाच खरबरीत, नखाशी चिरलेला. मी हात ओढून घेतला. तळव्यात खळी पडली होती आणि ती हळूहळू भरून येत होती. सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, "पक्कं."

घरी येऊन मसुदा पहिल्यापासून वाचला. प्रतवारीचं कलम एकटं वाचलं तर निर्दोष आहे. पाच वर्षं माल दुसऱ्या कुणाला विकायचा नाही, हे कलमही एकटं वाचलं तर रीतीचंच आहे. दोन्ही शेजारी ठेवली की कळतं: खरेदीदारानं नाकारलेलं फळ बागायतदाराला कुठंच विकता येत नाही. ते त्याच्या दारात सडणार. मी कलमांवर एकेक करून भांडले, ती जोडून एकदाही वाचली नाहीत. नाकारलेला माल विकायला मोकळीक, एवढं एक वाक्य हवं होतं.

ते वाक्य लिहून ठेवलं आहे. पण साहेबांना अजून काही सांगितलेलं नाही. तुम्ही होता की माझीच नस आखडली, हा प्रश्नही आता मी बाजूला ठेवते. हे पत्रही टाकायचं नाहीच, टाकणार कुठं? खरं एवढंच की दिलेला होकार माघारी घ्यायची मला लाज वाटते, आणि तात्यांच्या बागेपेक्षा ती लाज मला दोन दिवस मोठी वाटली.

सह्या गुरुवारी आहेत. उद्या, मंगळवारी, सकाळी साहेबांना सांगते आणि दुपारी निरवांगीला जाऊन तात्यांना दोन्ही कलमं जोडून वाचून दाखवते.