यादीतलं अकरावं नाव

बुधवार, २ एप्रिल

ऋतानं पुन्हा यादी खोडली. आमटी गार झाली. दहा नावं पक्की आहेत, अकरावं ठरत नाही — यष्टिरक्षक कोण, स्वानंदी की ऋषभ? ऋषभ फटके जोरात मारतो, पण स्टंपमागे त्याच्या हातून चेंडू सुटतात. म्हटलं, मागच्या वर्षीचं माझं स्कोअरबुक काढ, दोघांच्या वेळच्या बाइज मोज. मोजल्या. स्वानंदी.

"मग आता खोडू नकोस. जेव."

ऋता वरच्या खोलीत भाड्यानं राहते, तिसरं वर्ष. दिवसभर संशोधन, संध्याकाळी क्रिकेट. डोमल या विद्यार्थ्यांच्या क्लबनं तिला स्पोर्ट्स हेड म्हणून निवडून दिलंय. संघ निवडायचा तो हेडनंच, देणगीदारानं त्यात बोलायचं नाही — हा नियम ह्यांनी भांडून क्लबच्या घटनेत घालून घेतला होता. नऊ वर्षं हे क्लबचे स्कोअरर होते. हे गेल्यापासून मी आहे. प्लास्टिकची खुर्ची, छत्री, आणि पाऊस आला की वही पोटाशी धरायची.

शुक्रवार, ४ एप्रिल

लायब्ररीत अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांवरचं एक जाड पुस्तक मिळालं. दहावीनंतर माझी शाळा सुटली. इंग्रजी शिकले ती ह्यांच्या पेपरवरून. दिवसाला आठ पानं होतात.

तिथे कॉलेजात खेळांचा एक प्रमुख असतो. मोठ्या हुद्द्याचा, पगारी. आणि बूस्टर नावाचे लोक असतात — जुने विद्यार्थी, श्रीमंत, मैदानाला ज्यांचं नाव देतात ते. कोच कोण ठेवायचा, कोण काढायचा, हे कागदावर प्रमुख ठरवतो. पण आधी त्याला बूस्टरचा फोन येतो. फोनवर बूस्टर काहीही मागत नाही. मुलाबाळांची चौकशी करतो. प्रमुखाला कळतं.

ऋताला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आपला बूस्टर म्हणजे शिरीषदादा."

खरंच की. शिरीष इथे शिकताना याच क्लबात खेळायचा. आता त्याची स्वतःची कंपनी आहे. जर्सी त्याच्या, सरावाच्या जाळ्या त्याच्या, खेळपट्टीवरची मॅटसुद्धा त्याची. ऋषभ त्याचा सख्खा भाचा. पण शिरीषनं निवडीत कधी तोंड घातलं नाही. ऋता म्हणाली, घालू दे की, नियम आहे आपल्याकडे!

सोमवार, ७ एप्रिल

ऊन. ह्यांची सायकल बाहेर काढली, हवा भरली. परत आत ठेवली.

बुधवार, ९ एप्रिल

शिरीषचा फोन. आधी गुडघा विचारला. हाउसआर्ट्स, म्हणजे इथला डच फॅमिली डॉक्टर, काय म्हणतो, एक्स-रे काढला का, जिना चढता का. मग म्हणाला, मैदानावर स्कोअररसाठी लाकडी खोली बांधायचं डोक्यात आहे. खमेंटेकडे, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे, परवानगीचा अर्ज टाकतोय. तुम्ही किती दिवस छत्रीखाली बसणार? दारावर वासुदेवकाकांच्या नावाची पाटी लावू.

मी खुर्ची ओढून बसले.

मग म्हणाला, बहीण येतेय पुण्याहून, शुभदा. शनिवारी जर्सी वाटायच्या कार्यक्रमाला असेल. ऋषभला तिनं कधी खेळताना पाहिलेलं नाही. एकटीनं वाढवलंय तिनं त्याला.

शेवटी एवढंच, "यादी यंदाही तुमच्याच अक्षरात ना, काकू?"

हो म्हटलं.

"मग झालं."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, गुडघ्याचं मी काहीच सांगितलं नव्हतं.

शुक्रवार, ११ एप्रिल

यादी उतरवली. ही ह्यांची पद्धत — जाड कागद, शाईचं पेन, एकाखाली एक अकरा नावं. ऋता नावं फोनवर पाठवते, मी लिहिते, कागद थेट प्रमुख पाहुण्यांकडे जातो आणि ते वाचतात. यंदा शिरीष. पहिला कागद खराब झाला. दुसरा बरा आला.

नारळ सुरीनामी लोकांच्या किराणा दुकानात मिळाला. शाल माझ्या कपाटातली, घडी न मोडलेली.

शनिवार, १२ एप्रिल

मोसमाचा पहिला कार्यक्रम. वारा इतका की तंबूचे दोर दोघं धरून उभे होते. आज बारवर माझी पाळी. इथे क्लबात प्रत्येकाला ती करावीच लागते, वयानं सूट नाही. बरंच आहे.

वाउटर क्लबचा अध्यक्ष. डच मुलगा, उंचच्या उंच. शिरीषच्या खांद्यावर त्यानं शाल घातली ती उलटी. नारळ कुठे द्यायचा ते कळेना, म्हणून काखेत धरून उभा राहिला. सगळे हसले. शिरीषही हसला. मग त्यानं खिशातून कागद काढला आणि नावं वाचायला लागला. एकेकानं यायचं, त्याच्या हातून जर्सी घ्यायची, टाळ्या.

दहा नावं झाली. स्वानंदीनं हातातला ग्लास खाली ठेवला आणि एक पाऊल पुढे टाकलं.

"ऋषभ."

शुभदानं डोळ्यांना पदर लावला. ऋता खुर्चीतून अर्धी उठली. खांद्यावर शाल असलेल्या पाहुण्याला मधेच कोण थांबवणार? ती परत बसली. स्वानंदीनं ग्लास उचलून घेतला.

मी कॉफी ओतत होते. थोडी सांडली.

रविवार, १३ एप्रिल

सकाळी वाउटर घरी आला. त्याचा एकच प्रश्न — नाव चुकलं होतं तर तिथेच ओरडून का नाही सांगितलं? दहा सेकंदांचं काम! ऋतानं समजावून पाहिलं, मी पाहिलं. प्रमुख पाहुणे म्हणजे काय ते आम्हाला डचमध्ये सांगता येईना. खरं तर मराठीतही आलं नसतं.

मग ऋतानं त्याच्यासमोरच शिरीषला फोन लावला.

"दादा, यादी मी केली होती. त्यात स्वानंदी होती."

"कागदावर होतं ते वाचलं मी."

"ते नव्हतं कागदावर."

मग तो म्हणाला, "बरं. नव्हतं." आणि फोन ठेवला.

नंतर ऋतानं मला विचारलं, काकू, लिहिताना काही चुकलं नाही ना? मी म्हटलं, तुझी यादी समोर ठेवूनच लिहिलं. तिनं लगेच माझा हात धरला. विचारलं म्हणून सॉरी म्हणाली.

बुधवार, १६ एप्रिल

ऋतानं सगळ्या सभासदांना ईमेल केलं. पाहुण्यांनी वाचताना नाव बदललं, खरी यादी अशी, रविवारी २७ तारखेला पहिल्या सामन्यात स्वानंदी खेळेल. खाली सही — स्पोर्ट्स हेड. मला आधी वाचून दाखवलं. भाषा नीट होती.

संध्याकाळी शिरीषचं उत्तर वाउटरकडे. मला सर्वांसमोर खोटं ठरवलंय, ते शब्द मागे घ्या. नाहीतर यंदाच्या जर्सी माझी शेवटची भेट समजा.

वाउटरनं २५ तारखेला, शुक्रवारी, समितीची बैठक लावली. ऋतानं माफी मागायची, नाहीतर पद सोडायचं. तो वाईट मुलगा नाही. त्याला मॅटची काळजी आहे. जर्सीशिवाय खेळता येतं, मॅटशिवाय नाही.

ऋता जेवताना म्हणाली, "खरं बोलल्याची माफी? पद गेलं तरी चालेल."

मी तिला अजून भात वाढला. नको म्हणत होती तरी.

शनिवार, १९ एप्रिल

स्वानंदी आली होती. स्कोअर लिहायला शिकवा म्हणाली. "बैठकीत काय होईल सांगता येत नाही, काकू. रविवार मोकळे असले तर तुमच्या शेजारी बसेन." रडली-बिडली नाही. ठिपका कसा, वाइड कसा, बाइज कुठे मांडायच्या, ते दाखवलं. जुन्या वहीत बघताना म्हणाली, काकांचं आणि तुमचं अक्षर किती सारखं आहे!

मी त्यांचंच गिरवून शिकले, म्हटलं.

सोमवार, २१ एप्रिल

ईस्टरची सुट्टी. शिरीष आला. ऋता मैदानावर होती, ते बघूनच आला असावा. चहा घेतला. खोलीचा नकाशा आणला होता. खिडकी खेळपट्टीकडे, टेबल, वही ठेवायला फळी. दारावर पाटीची चौकट. चौकटीत ह्यांचं नाव छापलेलं.

कार्यक्रमाचा विषय त्यानं काढला नाही. मीही नाही. एवढंच म्हणाला की, लोकांनी मला चोर ठरवलंय, पण राहू दे. निघताना बशीखाली एक लिफाफा ठेवला. "हा तुमच्याकडे असू दे. माझ्याकडे कुणी मागितला नाही."

लिफाफा उघडला नाही. आत काय आहे ते माहीत आहे.

मंगळवार, २२ एप्रिल

पुस्तक लायब्ररीत परत केलं. शेवटची तीस पानं राहिली. काउंटरवरची बाई म्हणाली, मुदत वाढवून देऊ का? नको म्हटलं.

बुधवार, २३ एप्रिल

ऋतानं राजीनामा टाइप करून ठेवलाय. चार ओळी. "काकांना चाललं असतं ना हे?" तिनं विचारलं. त्यांना फार आवडली असतीस तू, म्हटलं. खरं आहे ते.

गुरुवार, २४ एप्रिल

शिरीष खोटं बोलला नाही. कागदावर ऋषभच होता. पहिला कागद खराब झाला नव्हता, त्यावर स्वानंदीचं नाव होतं. तो मी फाडला आणि दुसरा लिहिला. शिरीषनं काही मागितलं नव्हतं. पाटी मला हवी होती.

ऋता साडेपाचला येते. लिफाफा, आतल्या त्या दुसऱ्या कागदासकट, तिच्या ताटाशेजारी ठेवला आहे.