डिफर म्हणजे नकार नव्हे

१६ डिसेंबर, सकाळ
परदेशातल्या कॉलेजचा निकाल आला. डिफर. म्हणजे नकार नव्हे. होकारही नव्हे, पण नकार नव्हे हे महत्त्वाचं. जे नको होते त्यांना त्यांनी सरळ नको म्हणून कळवलं. मला कळवलं की मार्चमध्ये बाकीच्या अर्जांबरोबर तुमचा अर्ज पुन्हा वाचू. एकदा वाचून त्यांचं समाधान झालेलं नाही. चांगल्या पुस्तकाचं असंच होतं.
पत्राच्या शेवटी दोन ओळी. सहामाही परीक्षेचे गुण शाळेमार्फत पाठवावेत. इतर काहीही पाठवू नये. हे सौजन्य. पाहुणा 'काही नको' म्हणाला तरी आपण चहा टाकतोच.
रडलो नाही. बाथरूमचा नळ वेगळ्या कारणासाठी सोडला होता.

त्याच दिवशी, रात्री
घरी सांगितलं. बाबांनी डिफर म्हणजे काय विचारलं. म्हटलं, लग्न ठरलंय, तारीख पुढे गेली. ताई म्हणाली, ठरलेलं नाही. बघून गेलेत आणि 'कळवतो' म्हणालेत. ताई इथल्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. परदेशी अर्ज तिने कधी केलेला नाही, त्यामुळे तिच्या मताला मर्यादा आहेत.
बाबांना माझा अर्थ पटला. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे, तिथे दिवसभर बोलावं लागतं.

१७ डिसेंबर
शाळेतल्या काउन्सेलर बाईंनी बोलावलं. त्यांचं म्हणणं, एक जानेवारीच्या आत आणखी आठ कॉलेजांना अर्ज कर. आणि सहामाहीचा अभ्यास कर, कारण त्यांनी तेवढंच मागितलंय. दुसरी गोष्ट दोनदा म्हणाल्या. बाई चांगल्या आहेत, पण सगळ्यांना एकाच मापाने मोजतात.
वर्गातल्या कॅल्क्युलेटरने चौदा ठिकाणी अर्ज केलेत. त्याला प्रत्येक गोष्टीचा हिशेब लागतो, म्हणून हे नाव. ज्याला चौदा ठिकाणी जायचंय त्याला कुठेच जायचं नसतं.
संकल्प : उद्यापासून पाचला उठणे. रोज एक अर्ज. दुपारी फिजिक्स.

१८ डिसेंबर
पाचला उठलो नाही. पण आठ कॉलेजांचा तक्ता केला. रंग दिले. हिरवा, पिवळा, लाल. आमचं कॉलेज, म्हणजे डिफरवालं, सोनेरी. सोनेरी छापताना शेणासारखा दिसतो. दुपार रंगातच गेली.

२० डिसेंबर
आठातली तीन कमी केली. एकाच्या वेबसाइटवरचे विद्यार्थी फार हसतात. एक समुद्राकाठी आहे, तिथे एकाग्रता होणार नाही. तिसऱ्याला मी नक्की आवडलो असतो, आणि ज्यांना आपण इतक्या सहज आवडतो त्यांच्याकडे जाण्यात अर्थ नाही.
फिजिक्स उद्या.

२३ डिसेंबर
उरलेल्या पाचांवर विचार केला. आमच्या कॉलेजला अर्ज करताना मी सही केली होती की प्रवेश दिलात तर मी तुमच्याकडेच येईन. आता महिन्याभरात दुसऱ्यांना तेच लिहायचं? आईने लगेच बाईंना फोन लावला. बाईंनी सांगितलं, डिफर झालं की ते बंधन संपतं. आईने फोन ठेवून तेच मला पुन्हा सांगितलं.
कायदा वेगळा, निष्ठा वेगळी. आई पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. तिथे गोष्टी पॉझिटिव्ह असतात किंवा निगेटिव्ह. मधलं तिला कळत नाही.
तीन कॉलेजं काढली. दोन ठेवली, आईसाठी.

२६ डिसेंबर
आमच्या कॉलेजला पत्र लिहितोय. माझी इच्छा अजून कायम आहे असं कळवणारं. चौथा मसुदा. पहिलं वाक्य अडलंय. 'मी निराश झालो नाही' म्हटलं की बेफिकीर वाटतो. 'मी निराश झालो' म्हटलं की कमकुवत वाटतो. 'निराशेने मला शोधलं, पण मी घरी नव्हतो' हे चांगलं आहे.
ताई इस्त्री करत होती, तिला वाचून दाखवलं. तिने शर्टाची कॉलर उलटली आणि विचारलं की यात नवीन काय कळतं. म्हटलं, सूर कळतो. ती म्हणाली, सूर त्यांना पहिल्या अर्जातच कळला असेल, म्हणून तर थांबलेत.

२८ डिसेंबर
ताईच्या बोलण्यात एक मुद्दा नकळत आला होता. नवीन काही हवं. नवीन कर्तृत्व.
'चिकाटी मंडळ' स्थापन केलं. विद्यार्थ्यांमध्ये चिकाटी रुजवणे हा हेतू. अध्यक्ष मी. पहिली बैठक आमच्या बैठकीच्या खोलीत. तिघे आले. एक जण अर्ध्यातून गेला, त्याला क्लास होता. दुसरा वायफायचा पासवर्ड मिळाल्यावर शांत बसून होता. तिसरा कॅल्क्युलेटर, त्याने विचारलं की चिकाटी मोजायची कशी. तरीही सुरुवात झाली.

१ जानेवारी
मुदत संपली. काल रात्री एक अर्ज जवळजवळ पूर्ण झाला होता. 'आमचंच कॉलेज का?' हा एवढा रकाना राहिला होता. प्रामाणिकपणे लिहायला बसलो आणि कळलं की प्रामाणिक उत्तर त्यांना आवडणार नाही. मग साइट हळू झाली. मग झोप.
बाकी अर्ज आता नाहीत. डोक्यावरचा भार उतरला. बाणाला एकच लक्ष्य असावं.
आईने ताईच्या कॉलेजचा अर्ज आणला. सगळा तिनेच भरला होता, फुलीच्या जागी फक्त सही हवी होती. मी पाचव्या मसुद्यात होतो. सही केली, म्हणजे ती खोलीतून जाईल. ती गेली. जाताना दिवा लावून गेली, मी अंधारात लिहीत होतो म्हणे.

९ जानेवारी
सहामाही चालू आहे. आज फिजिक्स. भिंगांवर मोठा प्रश्न होता. सूत्र आठवलं नाही, म्हणून प्रकाशाविषयी व्यापक लिहिलं. पुरवणी घेतली. तपासणाऱ्याला वाचायला आवडेल.
मंडळाची दुसरी बैठक रद्द. सभासदांची परीक्षा असल्यामुळे.

१३ जानेवारी
पत्र पाठवलं. सोबत मंडळाचा अहवाल, उद्दिष्टं, पहिल्या बैठकीचा फोटो. फोटोत पासवर्डवाला खाली बघतोय, ते चिंतनासारखं दिसतं.
मिनिटाच्या आत उत्तर आलं. तुमचा संदेश मिळाला, आभारी आहोत. एवढं मोठं कॉलेज, आणि मिनिटाच्या आत. तिथे कोणीतरी वाट बघत असणार.
बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा बदलून पुन्हा वाचलं आणि म्हणाले, सभ्य लोक आहेत. ताईने तिच्या बँकेचं उत्तर दाखवलं. शब्दाला शब्द तेच. बँकही सभ्य असू शकते.

२९ जानेवारी
सहामाहीचा निकाल. इंग्रजीत ठीक. फिजिक्स एकेचाळीस. भिंगाच्या प्रश्नाला शून्य. पुरवणीवर सरांनी काहीच लिहिलेलं नाही, नुसती उभी रेघ.
बाई गुण आजच पाठवणार होत्या. विनंती केली की दोन दिवस थांबा, मी सोबत एक स्पष्टीकरण जोडतो. मंडळाच्या व्यापामुळे वेळेचं गणित कसं चुकलं, त्यातून मी काय शिकलो, वगैरे. बाईंनी माझ्याकडे बघितलं. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.
"अरे, त्यांनी एकच गोष्ट मागितली होती," त्या म्हणाल्या.
मग त्यांनी बटण दाबलं.

३० जानेवारी
बाबा माझा फिजिक्सचा पेपर दुकानात घेऊन गेले होते. रात्री परत आणला. गुणांविषयी बोलले नाहीत. आकृतीत प्रतिमा भिंगाच्या चुकीच्या बाजूला काढलीस, एवढंच म्हणाले. जेवण झाल्यावर म्हणाले, दुकानात कोणाला दाखवला नाही.
आकृती घाईत काढली होती.

१८ फेब्रुवारी
कॉलेजला आतापर्यंत चार पत्रं झाली. चौथ्यात मंडळाच्या पुनर्रचनेची माहिती. सध्या अध्यक्ष आणि सभासद एकच आहे, त्यामुळे निर्णय वेगाने होतात.
आज उत्तर आलं, या वेळी माणसाचं. आपला अर्ज परिपूर्ण आहे, कृपया आणखी काही पाठवू नये. परिपूर्ण. हा शब्द ते उगाच वापरणार नाहीत. खाली सहीसुद्धा आहे.
आई म्हणाली, ते हात जोडतायत तुझ्यापुढे. मीही तेच म्हणतोय.

६ मार्च
संकल्प : निकालापर्यंत शांत राहणे. कपड्यांची यादी केली. तिकडे थंडी असते. बाबांनी जाड कोटाची चौकशी केली. आईने सांगितलं, आधी निकाल येऊ दे. बाबा म्हणाले, चौकशीला काय लागतं.

२७ मार्च
नकार.
पत्र लहान आहे. मी चार वेळा वाचलं, दुसरा काही अर्थ निघतो का बघायला. शेवटी लिहिलंय की निर्णयाविरुद्ध अपील करता येत नाही.
लिहिलंय तसंच असावं.

२८ मार्च
शाळेत गेलो नाही. कॅल्क्युलेटरचा मेसेज आला. त्याला सहा ठिकाणी मिळालं. कोणतं घेऊ, विचारत होता. समुद्राकाठचं घे म्हटलं.
ताईने माझ्या शर्टांना इस्त्री करून ठेवली. तिने बोलावं म्हणून दोनदा तिच्या खोलीत गेलो.

९ एप्रिल
ताईच्या कॉलेजचं पत्र. सकाळच्या तुकडीला सहामाहीत साठ टक्के लागतात. मला संध्याकाळची मिळाली. आईने दाराशीच उभं राहून वाचलं, मग टेबलावर टेकून बसली. ते एक पत्र आलं नसतं तर माझ्यासाठी कुठेच काही नव्हतं. हे तिला जानेवारीपासून माहीत होतं. रोज लॅबला जाताना माहीत होतं.
ताईने सांगितलं की संध्याकाळी कॅन्टीन बंद असतं, डबा न्यावा लागेल. आई म्हणाली, मी देईन. मी म्हटलं, हे तात्पुरतं आहे, पुढच्या वर्षी. दोघींनी मान डोलावली. त्या इतक्या पटकन कधी सहमत होत नाहीत.

१२ एप्रिल
बाबांबरोबर दुकानात बसलो. काम काही नव्हतं, फ्रेम पुसत होतो. नेहमीच्या बँकवाल्या बाई आल्या. नंबर काढून झाल्यावर त्यांनी बाबांना विचारलं, काय, मुलाची जायची तारीख ठरली का?
मी फडकं घेऊन कपाटाआड वाकलो. बाबा काय सांगतील याची मला कल्पना होती. चांगली वाक्यं मीच त्यांना दिली होती.
"नाही झालं त्याचं," बाबा म्हणाले. "इथेच शिकेल."
मी थांबलो. आता त्या अरेरे म्हणतील, चार महिन्यांचं सगळं विचारतील. मला मुद्दे तयार ठेवायचे होते.
त्यांनी आरसा जरा तिरका केला, फ्रेम नाकावर वर सरकवली आणि विचारलं, ही तपकिरी रंगात आहे का?
होती. खालच्या खणात. मी काढून दिली.