नवे पेडल, झिजलेलं स्टीअरिंग

३ मार्च

तिसरी गाडीही नाकारली! दादा वैतागला. परतताना म्हणाला, "तुला गाडी नकोय, भांडण हवंय." मी म्हटलं, दोन्ही हवंय. 

पण मी तरी काय करू? मीटर म्हणतं गाडी जेमतेम फिरली आहे, आणि ब्रेकच्या पेडलचं रबर बघावं तर घासून गुळगुळीत! ड्रायव्हरची सीट एका कडेला दबलेली. दार उघडलं की खाली लोंबतंय. आणि विकणारा शपथा घेतोय — "मॅडम, बायको फक्त भाजी आणायला न्यायची." भाजी काय दुसऱ्या देशातून आणायची? त्याच्या तोंडावर हसले. मीटर मागे फिरवून ठेवायचं आणि वर शपथा!

आईचं आपलं एकच पालुपद. "दादा सोडतो ना तुला, आणतो ना. कमी काय आहे?"

काही कमी नाही, आई. फक्त मी कामाला आहे ते चष्म्याचं दुकान बंद झालं की दादाचं काम संपेपर्यंत मी पायरीवर बसून असते. माझे पाय लहानपणापासून नावापुरते. कुबड्या घेऊन चालते, पण बसची पायरी आली की घोडं अडतं, आणि रोज रिक्षा परवडत नाही. सिनेमाला जायचं तर दादाचा मूड. मैत्रिणीकडून निघायचं तर दादाची वेळ. पस्तिशी उलटली माझी! मला हाताने चालवता येईल अशी गाडी हवी. जुनी चालेल, पण गिअर टाकावे न लागणारी आणि आतून धड असलेली. मग मिस्त्री तिच्यात हाताचा लिव्हर बसवून देणार — ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. पायांचं कामच नाही.

आणि गाडी मीच निवडणार. मीच!

६ मार्च

दुकानात आज एकजण कुरकुरत आला — "चष्मा आपोआप वाकला." आपोआप! फ्रेम हातात घेतली आणि म्हटलं, "काका, डाव्या कुशीवर झोपून टीव्ही बघता ना?" गृहस्थ लाजले. बायको मागून म्हणाली, "बघा! मी म्हणत नव्हते?"

इतकी वर्षं काचा घासून बसवतेय. कोण चष्मा एका हाताने ओढून काढतं, कोण शर्टाने पुसतं, कोण दात कोरायला दांडी वापरतं (शी!) — सगळं दिसतं. माणूस थापा मारतो, फ्रेम मारत नाही. गाडीचंही तसंच असणार. हे दादाला सांगितलं तर म्हणाला, "चष्मा आणि गाडीत फरक असतो गं बाई."

असेना.

९ मार्च

आज जिंकले!

दादाच्या ओळखीतून कळलेली राखाडी गाडी बघायला गेलो. विकणारा दादाच्याच वयाचा, फारच सभ्य. "ताई, बसा", "ताई, पाणी घ्या." त्याच्या गोदामामागे गाडी झाकून ठेवलेली. "बाबांची होती. ते आता चालवत नाहीत." इंजिन थंड असताना चालू करायला लावलं — पहिल्या झटक्यात चालू, धूर नाही. दारं घट्ट. मीटर कमी. दादा खूश. माझ्या कानात पुटपुटला, "ही घे. आता नाक मुरडू नकोस."

आणि मी आत वाकले. ब्रेकचं पेडल — करकरीत! वेगाचं पेडलही. टाचेखालची चटई अशी की तिथे कुणी पाय ठेवलेलाच नाही. मग स्टीअरिंग बघितलं. एकाच जागी, वरच्या बाजूला, झिजून चकचकीत. बाकी चाकावर शिवण तशीच्या तशी.

म्हणजे काय ते उघड आहे! पेडलं बदलली, चटई बदलली, मीटर मागे घेतलं आणि स्टीअरिंग बदलायचं राहून गेलं. सरळ म्हटलं, "सभ्य दिसता म्हणून कुणालाही शेंडी लावाल असं वाटलं का?" बिचाऱ्याचा चेहरा पडला. "ताई, बाबा..." म्हणाला आणि गाडीचं दार लावून टाकलं. 

बिचाऱ्याचा कसला? चोर!

दादा गाडीत बसेपर्यंत थांबला आणि मग फुटला. "जीभ आहे की कात्री? माझी ओळख होती ती!" म्हटलं, ओळख होती म्हणून मी फसायचं का?

१० मार्च

दादा बोलत नाही. छान. मीही नाही.

१४ मार्च

हे कुठे लिहू? इथेच लिहिते. इथे हसायला कोणी नाही.

लिव्हर कसा बसवतात ते बघायला मिस्त्रीकडे गेले होते. त्याच्याकडे एका बाईंची गाडी दुरुस्तीला आलेली. हाताने चालवायचीच. मिस्त्री म्हणाला, "ताई, बसून बघा, हात बसतो का." बसले. एक हात लिव्हरवर. दुसऱ्या हाताला स्टीअरिंगवर घट्ट बसवलेली एक मूठ, चाक फिरवायला. मूठ बसवली होती तिथे चामडं झिजून चकचकीत. एकाच जागी. वरच्या बाजूला.

खाली बघितलं. पेडलं करकरीत.

वाकलेली तशीच राहिले. मिस्त्रीला वाटलं बरं वाटत नाही, पंखा माझ्याकडे वळवला त्याने.

मी! दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर एक वेळ समजलं असतं. पाय असलेली माणसं पेडल बघणार आणि चोरी म्हणणार, ठीक आहे. पण मी! ज्या गाडीसाठी मी महिनोन्महिने जीव टाकतेय ती माझ्यासमोर उभी होती, आणि मी तिच्या मालकाला चोर म्हणून आले. माझ्यासारख्या माणसाचा हात त्या चाकावर झिजला होता आणि मला तो दिसला नाही.

दादाला सांगणार नाही. आधी जाऊन येते.

१५ मार्च

एकटी गेले. रिक्षावाल्याने कुबड्या मागे ठेवताना दोनदा आपटल्या, त्याला झापलं. मग बरं वाटलं.

गोदामात पोचल्यावर आधी माफी मागितली. मला माफी मागायची सवय नाही, फार वाईट मागितली असणार. तो म्हणाला, "राहू द्या हो ताई." मी स्टीअरिंगखाली हात घातला. बुजवलेली भोकं बोटांना लागली, वरून रंग मारलेला. म्हटलं, "इथे लिव्हर होता. बाबा हाताने चालवायचे ना?"

त्यानेही त्या रंगावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "पाय गेल्यापासून. मस्त चालवायचे. पण आता वय झालं. मागे फाटकाला घासली गाडी. आमच्या जिवाला घोर! म्हणून लिव्हर काढून टाकला. गाडी माझ्याच नावावर आहे, तसं काही अडत नाही. आणि आम्ही आहोत ना. म्हणतील तिथे सोडतो त्यांना."

सोडतो त्यांना. अगदी दादाच्या सुरात!

विचारलं, "त्यांना काय वाटतं?" म्हणाला, "समजूत घातलीय त्यांची." आणि झाकण ओढायला लागला. मी म्हटलं, "गाडी मी घेते."

हो, घेते! मी नाही घेतली तर पाय असलेला कुणीतरी घेईल. हीच मला हवी. त्याच्या घरात काय चाललंय ते बघायला मी बांधील नाही. फाटकाला कोण घासत नाही? दादाने गेल्या वर्षी आपला अख्खा आरसा उडवला, त्याच्या किल्ल्या काढून घेतल्या का कुणी?

— हे वाक्य लिहून झाल्यावर जरा थांबले. पण नाही. गाडी माझी.

१६ मार्च

दादाला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता आयुष्यभर ऐकवणार. तर पोट धरून हसला. "म्हणजे चष्मा तुलाच लागलाय!" मग आईलाही सांगितलं त्याने, मग शेजारी. असो. बोलायला तरी लागला.

आई म्हणाली, "एकटी कुठे कुठे जाशील गं?" म्हटलं, आधी कुठेच नाही. नुसती फिरून येईन. आई पदराने डोळे पुसत आत गेली. मला वाईट वाटलं, पण माघार नाही.

२२ मार्च

उद्या गाडी ताब्यात! मिस्त्री सोमवारी लिव्हर बसवणार. दुकानात सगळ्यांना सांगून टाकलं, माझ्यासाठी आता कुणी पायरीवर सतरंजी ठेवायची नाही. झोप येत नाहीये.

२३ मार्च

कागद घरी होते म्हणून त्याच्या घरी गेलो. गाडी गोदामातून दारात आणून ठेवलेली. सह्या झाल्या, किल्ली माझ्या हातात आली. दादा गाडीचं दार उघडत होता तेवढ्यात आतून चाकाच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ स्वतःच चाकं ढकलत बाहेर आले. चेहरा असा उजळला त्यांचा! मला म्हणाले, "गॅरेजमधून आलात का? किती दिवस लावलेत हो. झाली माझी गाडी?"

मुलगा त्यांच्या मागे उभा. माझ्याकडे बघून मान हलवतोय — नको, बोलू नका. दादाने माझा दंड धरला.

दंड सोडवला. "झाली काका," म्हटलं. "लिव्हर तेवढा मिस्त्री उद्या बसवतोय." आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.