चाळीस टक्के

प्रिय ऋत्विक,

फाडायचं असेल तर फाड, पण आधी सगळं वाच. फोन तू उचलत नाहीस आणि समोर यायची माझ्यात हिंमत नाही.

परवा धाड गावच्या बाजारात तुझी आई भेटली. वांगी निवडता निवडता आशाकाकूंनी सांगितलं, पोरानं सोल्डरिंगचं सगळं सामान भंगारवाल्याले देऊन टाकलं, सोमवारी पुण्याले गोदामावर पहारेकरी म्हणून चालला. मी विचारलं, काऊन? तर म्हणे, त्याच्या हातालेच यश नाही असं म्हणते तो, जे बनवते ते वायाच जाते. बाई गं! मी भाजीची पिशवी तिथेच विसरून एसटीत बसले.

आपलं बोर्ड आठवतं ना, ठिबकचे व्हॉल्व्ह आपोआप उघडणारं? बनवलंस तू, मोजलं मी. सिग्नल शून्यावरून पाच व्होल्टला जाऊन थांबायला हवा. थिरावण्याआधी तो जेवढा वर उसळतो, तो ओव्हरशूट. मी ऑसिलोस्कोपचा प्रोब, म्हणजे मोजायची सुई, बोर्डाला टेकवली, तर पडद्यावरच्या आलेखात टोक सात व्होल्टला दिसलं. पाचावर दोन जास्त, म्हणजे चाळीस टक्के. त्या चिपला साडेपाचच्या वर सोसत नाही. तू म्हणालास, प्रोबची ग्राउंडची तार लय लांब आहे, आखूड लावून पाह्य एकडाव. मी चिडले. टॉपर होते ना मी! रिपोर्टवर सही ठोकली, आणि दोनशे बोर्डं घ्यायला निघालेल्या जालन्याच्या कंपनीनं विचार सोडला. तू मला एका शब्दानं बोलला नाहीस. बोलायचं होतंस रे, शिव्या घालायच्या होत्यास. त्यानंतर तू पंखे आणि मिक्सर दुरुस्त करत राहिलास, नवं काही बनवलंच नाहीस. आपलंही तिथेच संपलं.

आता मी कॉलेजात हेच मोजमाप शिकवते. समता नावाची एक विद्यार्थिनी आली, भारी चिकित्सक. तिच्या सिग्नललाही असंच उंच टोक दिसत होतं. तिनं प्रोबची वीतभर तार काढली, टोकापाशीच बोटाच्या पेराएवढी लावली, आणि ती उसळी जवळजवळ नाहीशी झाली. उसळी सर्किटमध्ये नव्हतीच, मोजायच्या तारेत होती. वर्ग सुटल्यावर कपाटातून तुझं बोर्ड काढलं. हो, जपून ठेवलंय. तसंच मोजलं. पाच पॉइंट तीन. सहा टक्के. पुन्हा मोजलं, पुन्हा तेवढंच. तुझ्या बोर्डात काही म्हणजे काही खोट नव्हती.

आता खरं सांगते. हे काल-आजचं नाही, याला दोन वर्षं झाली. त्याच रिपोर्टच्या कौतुकावर मला ही नोकरी लागली होती, म्हणून तोंड शिवून बसले. रोज म्हणायचे, उद्या सांगू. नवा रिपोर्ट सोबत जोडलाय, पण तो दाखवायचा कोणाला? ती कंपनी बंद पडली, तुझं सामान भंगारात गेलं. आता सांगून काहीच परत येत नाही, कळतंय मला. माफी मागायचं तोंडही नाही. फक्त सोमवारी गाडीत बसशील तेव्हा हाताला दोष देऊ नकोस. हात तुझे चांगलेच होते. वाईट मी होते, आणि ते मला दोन वर्षं ठाऊक होतं.

तुझीच म्हणवत नाही,
प्रतीक्षा