देवघेवीचं टेबल

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर
१६ मे २०२४

प्रिय आक्का,
सप्रेम जय भीम.

मी बरी आहे. तुम्ही सगळे बरे असाल, दाजींचे गुडघे काही म्हणत नसतील, अशी आशा करते. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तुला सावकाश वाचता यावं आणि पत्र दाजींच्या हातात द्यायची वेळ येऊ नये. हे आपल्या दोघींतलं आहे. हो, दोघींतलं. शब्द खटकला तरी पुढं वाच.

आपल्या देवगावचा कडुबा शहागंजच्या बाजारात माल घेऊन आला होता, त्यानं तुझा निरोप दिला. तुझ्या उत्पलाचं लग्न बुद्धपौर्णिमेनंतरच्या रविवारी! ऐकून आधी रडू आलं, मग हसू. माझ्या मांडीवर बसून बाराखडी शिकलेली पोरगी संसाराला निघाली. निरोपाचा पहिला भाग त्यानं भेटल्या भेटल्या सांगितला, दुसरा चहा पाजल्यावर. तुला उत्तर द्यायचंच आहे. पण आधी इथलं ऐक, नाहीतर माझं उत्तर तुला माजोरडं वाटेल.

इथं पाण्याची नुसती बोंब आहे. दौलताबादच्या रस्त्यानं माळावर जिकडंतिकडं प्लॉटिंग झालं, घरं उभी राहिली, नळ मात्र कोरडे. टँकर कधी येणार ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसतं. बायका दारात ड्रम मांडून दिवसभर राखण करत बसतात. देवगावात विहिरींनी तळ गाठला असं कडुबा म्हणाला. वऱ्हाडाला पाणी कुठून आणणार आहात, याची मला काळजी लागली आहे.

मी वाचनालयात नोकरीला आहे एवढंच तुला माहीत आहे. ग्रंथालयशास्त्र शिकले, तरी इतकी वर्षं आतल्या खोलीतच होते. पुस्तकांना क्रमांक घालायचे, फाटलेली चिकटवायची, कपाटं लावायची. एक गंमत सांगते. आमच्यासारख्या तृतीयपंथीयांवरची जी काही दोनचार पुस्तकं आहेत, ती पूर्वी कुणीतरी रोगांच्या कपाटात लावली होती, मूळव्याध आणि मधुमेहाच्या मधे. मी ती उचलून समाजाच्या कपाटात आणली. एवढ्यापुरतं तरी माझं शिक्षण कारणी लागलं.

फेब्रुवारीत आमच्या ग्रंथपाल पद्मजाबाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी मीच, हे त्या कधीपासून म्हणत होत्या. आमचे अध्यक्ष वैजनाथ सर कचेरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. माणूस सरळ, पण कडक इस्त्रीचा. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "कागदावर ग्रंथपाल तुम्हीच. पण देवघेवीच्या टेबलावर आपण दुसऱ्या कुणाला बसवू. लोक बिचकतात हो. तुम्ही आतून बघा."

देवघेवीचं टेबल म्हणजे जिथं लोक वाचलेलं पुस्तक परत करतात आणि नवं नेतात. ग्रंथपालाची ओळख तिथंच होते. मी म्हणाले, "सर, टेबल नसेल तर ग्रंथपालपणही नको."

बोलून तर गेले. नोकरी सुटली तर खोलीचं काय, आणि आमच्यासारखीला दुसरी खोली कोण देतंय? सर म्हणाले, उन्हाळा सरेपर्यंत बघू. मी परत आत जाऊन बसले.

पण टँकरच्या धास्तीनं बायकांनी वाचनालयात येणंच सोडलं. पुस्तकं घराघरांत अडकली. शेवटी मी पिशवी खांद्याला लावली आणि दारोदार निघाले. घरपोच पुस्तक, पूर्वी पद्मजाबाई करायच्या तसं.

पहिल्याच दारात साळूबाई नावाची म्हातारी. मला बघितलं आणि लगबगीनं आत गेली. बाहेर आली ती एका हातात ज्वारीनं भरलेलं सूप, दुसऱ्या हातात तान्हा नातू.

"लई दिवसांनी आलीस माय. नातू झालाय. डोक्यावर हात ठिव."

"मावशी, मी वाचनालयातली. तुमच्या सूनबाईंकडं आमची पुस्तकं राहिलीत."

"पुस्तकाचं मंग बघू. आदी आशीर्वाद दे."

आता मला कुठं येतो आशीर्वाद? ना मी कुणा गुरूची चेली, ना मला टाळी वाजवता येते. पण पोर माझ्याकडं बघून हसलं. त्याच्या टाळूवर हात ठेवून म्हणाले, "लई शिक बाबा." सून आतून तोंडाला पदर लावून हसत होती. तिनं पुस्तकं आणून दिली आणि हळूच नवं मागितलं, तशी म्हातारी कडाडली, "बाळंतिणीनं वाचू नाय, डोळे जातेत!"

"मग मी वाचते, तुम्ही दोघी ऐका," मी म्हणाले. अन् ओट्यावर बसून वाचलं की! शेजारच्या बायका ड्रम सोडून आल्या. ज्वारी मी घेतली नाही, म्हातारी रुसली, मग ताक घेतलं. पुढच्या आठवड्यात त्या गल्लीत मला 'पुस्तकवाली ताई' अशी हाक आली.

हे काय चाललंय ते बघायला एके दुपारी वैजनाथ सर स्वतः माझ्याबरोबर निघाले. पांढराशुभ्र झब्बा, खांद्याला पुस्तकांची दुसरी पिशवी. एका नव्या गल्लीत दार वाजवलं. बाईनं मला बघितलं, सरांना बघितलं, त्यांच्या फुगलेल्या पिशवीकडं बघितलं आणि म्हणाली, "वाजवायवाला बी आणलाय व्हय? ढोलकी काढा की मंग!"

आक्का, सरांचा चेहरा तू बघायला हवा होतास. म्हणाले, "अहो बाई, मी अध्यक्ष आहे." तर ती म्हणते, "कशाचे?" मला हसू आवरेना. शेवटी सरही हसले, पण जरा उशिरानं.

मग एका लिंबाच्या सावलीला बसून घाम पुसत राहिले. पिशवी खाली ठेवून म्हणाले, "एका दारात मला एवढं लागलं. तुम्हाला रोज?"

"रोज नाही सर. आता पुष्कळ दारांत माझं नाव माहीत झालंय."

"कसं?"

"समोर गेले म्हणून."

गेल्या शनिवारी वाचनालयात पोचले तर माझी खुर्ची देवघेवीच्या टेबलामागं ठेवलेली. सरांनी स्वतः आणली म्हणे. सगळंच गोडगोड झालं असं समजू नकोस. एका गृहस्थांनी त्याच दिवशी सभासदत्व सोडलं, एक अजून माझ्या हातातून पुस्तक घेत नाहीत, टेबलावर ठेवायला सांगतात. ठेवते मी. उठत मात्र नाही.

आता तुझ्या निरोपाचा दुसरा भाग. कडुबा खाली बघून म्हणाला, "मामा म्हनून शर्टप्यांटीत ये म्हनली. साडीच नेसायची आसंल तर मांडवात नको, मागं सैपाकाकडं थांब."

तो गेल्यावर मी खूप रडले. अप्पा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाला मी साडी नेसून आले होते आणि तू दार लावून घेतलंस. बापाच्या फोटोपुढं मेणबत्तीसुद्धा न लावता परतले. तेव्हापासून तुझ्यावर राग धरून आहे, अजूनही थोडा आहे. पण आई गेल्यावर शाळा सोडून तू मला कडेवर घेतलंस, मी शिकावं म्हणून खुरपायला गेलीस, हेही मला रोज आठवतं. तुझ्याइतकी माया माझ्यावर कुणी केली नाही. म्हणून तर तू देऊ केलेली मागची जागा सोसत नाही. नवरदेवाकडची माणसं काय म्हणतील ही तुझी धास्ती खोटी नाही. म्हणतील. साळूबाईही आधी सूप घेऊनच आली होती.

तर उत्तर असं. मी येणार आहे. आदल्या दिवशी दुपारच्या एस.टी.नं, साडी नेसून. कामाला हात लावीन, भाकरी थापीन, पण लग्न लागताना मांडवात पुढं उभी राहीन. मांडवाला दार नसतं, हे एक बरं आहे. कुणी विचारलं ही कोण, तर सांग. तुझी जीभ रेटली नाही तर गप्प राहा, मी सांगेन.

आणि उत्पलाला आजच सांग, मामाची वाट बघू नकोस. मावशी येतेय.

तुझी धाकटी बहीण,
सरिता