डावं चाक दोन बोटं मागे

३ मार्च
मिळाला! भंगारवाल्याकडे, उलट्या पडलेल्या एका मोटारीखाली. क्रॉसमेंबर – पुढची दोन्ही चाकं ज्याच्या जोरावर उभी राहतात तो आडवा लोखंडी भाग. गंज वरवरचाच. हातोडीने वाजवून बघितला, आवाज खणखणीत. भंगारवाला म्हणाला, "वाजवतोस काय, मडकं घेतोयस का?" हातगाडीवर टाकून एकट्यानेच आणला. वाटेत तीनदा दम खाल्ला. हे काय आहे म्हणून कोणी विचारलं नाही.

४ मार्च
ही पिकअप गॅरेजच्या मागे सात वर्षं पडून होती. माझ्या दुप्पट वयाची. उस्ताद म्हणाले होते, "चालती केलीस तर तुझी. नाही केलीस तर निदान तिच्यातलं गवत उपट." सगळे तिला म्हातारी म्हणतात. इंजिन केलं मागच्या उन्हाळ्यात. आता पुढचं अंग राहिलंय.

अण्णांची बरोब्बर अशीच होती. हेच गोल बॉनेट. हाच दरवाजा, दोनदा आपटल्याशिवाय न लागणारा. वीस वर्षं त्यांनी तिच्यावर लोकांचं सामान वाहिलं, घर चालवलं, ताईला-मला वाढवलं. मी न विचारता नेली आणि नाल्यात घातली. मारलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "आता गाडी घेऊनच उंबरा चढ." माझ्याही अंगात मस्ती. म्हटलं, चढेन! चार वर्षं झाली.

६ मार्च
जुना एक्सल उतरवला. कमानपाटेही. नटांनी जीव काढला. म्हातारीचं तोंड लोखंडी घोड्यांच्या टेकूवर ठेवलंय, पुढे चाकंच नाहीत. वेल्डर म्हणाला, "कवळी काढलेली आजी दिसते रे!" खूप हसलो. खोलीवर आल्यावर परत आठवलं, परत हसलो. मग एकदम गप्प झालो. शेजारच्या खोलीतल्याने भिंतीवर थाप मारली होती.

७ मार्च
ताईचा फोन. "वीस तारखेला जत्रेला घरी येतोयस ना? नक्की?" म्हटलं, गाडी घेऊन येतो. "कसली गाडी घेऊन बसलायस, बसने ये की गुमान." विचारलं, अण्णा काही म्हणतात का? "ते काय म्हणणार. बसलेत इथेच." मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी थांबलो. फोनवर आले नाहीत.

८ मार्च
रविवार. गॅरेज बंद, किल्ली माझ्याकडे. मापं उरकली. ओळंबा सोडून चेसिसच्या खुणा जमिनीवर खडूने उतरवल्या. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं. दोन्ही सारखी आली तर सगळं गुण्यात, काटकोनात.

टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. समोर पंक्चरवाला होता. रस्ता ओलांडून गेलोसुद्धा. त्याच्याकडे गिऱ्हाईक होतं, तसाच परत आलो. टोक विटेखाली दाबलं आणि घेतली मापं. सारखी आली. एकदम सारखी!

९ मार्च
वेल्डर उद्यापासून सुट्टीवर, सासुरवाडीला. अठराला येणार. म्हणाला, "आज नुसते टाके मारतो. आल्यावर पक्कं करू." मला कुठला धीर. म्हटलं, आजच पक्कं कर, मापं बघितलीत. "दोघांनी?" हो म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. वेल्डिंगची शिवण मात्र अशी सुंदर आली की हात फिरवावा. फिरवला – भाजलो.

१२ मार्च
चाकं लावली, स्टिअरिंग जोडलं. उस्तादांना शेजारी बसवून रस्त्यावर काढली. म्हातारी चालली! शंभर पावलं. मग डावीकडे ओढायला लागली. स्टिअरिंग सोडलं की डावीकडे. धरलं की खांदा भरून येतो.

आवारात परत आलो. उस्तादांनी टेप काढला, एक टोक माझ्या हातात दिलं. दोन मिनिटांचं काम. डावं चाक दोन बोटं मागे.

"मापं कोणाबरोबर घेतलीस?"
"विटेबरोबर."

खाली मान घालून सगळं सांगितलं, वीट सरकली असणार हेही. उस्तादांनी टेप गुंडाळला. मग म्हणाले, "अरे गाढवा, रविवारी मी वरच होतो घरात. हाक मारायला काय झालं होतं?"

काही झालं नव्हतं. मला सुचलंच नाही.

१३ मार्च
सगळी शिवण ग्राइंडरने काढायची, तीही चेसिसला धक्का न लावता. वेल्डर अठराला. पुढे दोन दिवसांचा रस्ता. कसंही मोजा, वीस गाठता येत नाही.

वाकडीच नेऊ का? आला मनात विचार. अण्णा पहिल्याच वळणाला ओळखतील. तोंडाने काही बोलणार नाहीत, तेच नको.

१४ मार्च
ताईला सांगितलं, येत नाही. भडकली. "गाडी, गाडी! आम्ही हवेत की गाडी हवी एकदा ठरव!" काय चुकलं तेच सांगत बसलो – क्रॉसमेंबर, वीट, डावं चाक, शिवण. तिला यातलं ओ की ठो कळत नाही. तरी थोडं थांबून म्हणाली, "परत सांग. हळू सांग, मोठ्याने सांग." परत सांगितलं. मग फोन ठेवला तिने.

१५ मार्च
दिवसभर खाटेवर. छताचे पत्रे मोजले. अकरा.

१६ मार्च
अर्धी शिवण कापली. डोळ्यात कण गेला. उस्तादांनी रुमालाच्या टोकाने काढला. कोणी इतक्या जवळून बघितल्याला किती दिवस झाले!

१७ मार्च
सकाळी गाडीखाली होतो. आधी चपला दिसल्या. डाव्या चपलेचा अंगठा तारेने बांधलेला. कोणाच्या ते लगेच कळलं. बाहेर यायलाच वेळ लागला.

अण्णा. बसने आलेत, एवढ्या लांब, हातात कापडी पिशवी. माझ्याकडे बघितलंच नाही. खाली वाकून डाव्या चाकाकडे बघत म्हणाले, "फोनवर नीट ऐकू आलं नाही. दाखव, कुठे चुकलंय."